शेणाचा निळा जाळ

२४ फेब्रुवारी १९५७, रविवार

अखेर आज यांनी हो म्हटलं. हो म्हणजे काय, तर ताटावरून उठता उठता "कर बाप्पा, तुले काय कराचं ते कर" असं म्हणून चूळ भरायला गेले. आमच्या घरात याहून मोठा होकार मी लग्न झाल्यापासून ऐकलेला नाही.

यांना विहिरीवर तेलाचं इंजिन बसवायचं होतं. मी म्हटलं, इंजिन रोज तेल पिणार, ते तेल हिंगणघाटाहून आणायचं, आणि इकडे आपल्या गोठ्यातलं शेण चुलीत जळणार, रान खताला तरसणार. आधी घरातली गळती बुजवू, मग विकतचं आणू. दिवाळीत माहेरी वर्ध्याला गेले होते, तेव्हा तिथल्या एका संस्थेच्या आवारात मी शेणाचा वायू पाहिला. बंद खड्ड्यात शेण आणि पाणी कालवून सोडायचं. ते आत कुजतं, त्याची वाफ नळीतून शेगडीला येते आणि जळते. उरलेला काला शेतात खत म्हणून जातो. म्हणजे एकच शेण आधी भाकर भाजतं आणि मग ज्वारीही पिकवतं. मी तिथं अर्धा तास तोंड उघडं टाकून उभी होते, बहिणीनं ओढून नेलं.

यांची अट एकच आहे. मिरगाच्या आत शेगडी पेटली पाहिजे. खड्डा भरायचा तर गवऱ्या थापणं बंद, आणि गवऱ्या नसल्या तर पावसाळ्यात चुलीत घालायचं काय? तेव्हा पेटली नाही तर सगळं घर मला बोल लावणार, इंजिन येणार, आणि "आश्रमातली अक्कल" हा शब्द मला जन्मभर ऐकावा लागणार. वर्ध्याच्या आश्रमात मी चार वर्षं शिकले. तिथं रोज दैनंदिनी लिहायची सक्ती होती. सक्ती गेली, खोड राहिली.

सासूबाई चुलीपुढून हलल्या नाहीत. धुरानं त्यांचे डोळे सदा पाणावलेले असतात, त्यामुळे त्या नाराज आहेत की नाहीत ते कळत नाही. आमच्या गोठ्यात कामाला येणाऱ्या जयवंतानं गोठा झाडला, शेण काढलं, नेहमीप्रमाणे एक टोपलं डोक्यावर घेतलं आणि घरी गेली.

१८ मार्च, सोमवार

होळी झाली. पोरांना होळीच्या माळेत ओवायच्या चाकोल्या करायला शेण हवं होतं. मी पसाभर दिलं तर सासूबाईंनी स्वतः जाऊन टोपलीभर काढून दिलं. "होळीले हात आखडत नाई, सूनबाई," एवढंच म्हणाल्या. खड्डा खणून झाला आहे, गवंडी विटा लावतो आहे. शेजारचे तानबा पाटील रोज कुंपणावर कोपरं टेकून उभे असतात. आज विचारत होते, "वहिनी, ही विहीर हाय का समाधी?" मी म्हटलं, पेटली तर विहीर, नाही पेटली तर माझी समाधी. ते हसले, हेही हसले. मला मात्र झोपताना ते हसणं बोचलं.

२ एप्रिल, मंगळवार

टाकी आली. हिंगणघाटच्या लोहारानं केलेली, लोखंडाची, उपड्या कढईसारखी पण माणूस आत उभा राहील एवढी. बैलगाडीतून उतरवायला निम्मा गाव लागला. खड्डा भरायला घराघरांतून शेण मागून आणलं, आणि मधुकरराव जामच्या फाट्यावर बसमधून उतरून चालत आले ते थेट काल्यात हात घालूनच उभे राहिले. मधुकरराव म्हणजे त्या वर्ध्याच्या संस्थेतले कार्यकर्ते, खादीचा सदरा, पायात टायरच्या चपला. त्यांनी दोरांनी टाकी काल्यावर उपडी सोडायला लावली. ती अशी खाली गेली की काठावर तिची फक्त कड दिसत राहिली.

"आता?" हे म्हणाले.

"आता काही नाही. रोज ताजं शेण घाला आणि वाट पाहा. वायू झाला की टाकी आपोआप वर येईल."

"हे एवढं लोखंड?"

"हो."

हे माझ्याकडे बघायला लागले. मीही त्यांच्याकडेच बघत होते, कारण खरं सांगायचं तर माझाही विश्वास बसला नव्हता.

१९ एप्रिल, शुक्रवार

टाकी जिथल्या तिथं. रोज पहाटे उठून मी आधी तिच्याकडे जाते, मग तुळशीकडे. पाप लागत असेल तर लागो.

तानबा पाटलांनी आज पंगतीत सांगितलं म्हणे, की वासुदेवरावाच्या, म्हणजे आमच्या, घरी शेणाला पिल्लं व्हायची आहेत. हे घरी येऊन ते मला सांगतात आणि वर हसतात. आपली बायको चारचौघांत चेष्टेचा विषय झाली तर नवऱ्यानं थोडं तरी तोंड पाडावं. पण नाही.

२५ एप्रिल, गुरुवार

मधुकरराव येऊन गेले. त्यांनी काठी बुडवून पाहिली, वास घेतला आणि म्हणाले, खड्डा उपाशी आहे. उन्हाळ्यात ढोरं दिवसभर रानात चरतात, त्यांचं अर्धं शेण तिकडेच पडतं. गोठ्यात रात्री जे पडतं तेवढंच तुमच्या हाती. त्यातलं पसाभरही बाहेर गेलं नाही पाहिजे, नाही तर मिरगापर्यंत काही होणार नाही.

ते गेल्यावर मी जयवंताला बोलावलं. म्हटलं, आजपासून गोठ्यातलं सारं शेण खड्ड्यात. शेणाचा एक पोही इकडे तिकडे नाही. ती शेणाचे हात तसेच धरून उभी राहिली, मग म्हणाली, "सारं?" मी म्हटलं, सारं. "बरं," म्हणाली आणि वळली.

सासूबाई ओसरीत वाती वळत होत्या. त्यांनी विचारलं, "अन् जयवंताचं?"

"तिला सांगून झालं आहे," मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. वात तशीच बोटात राहिली होती. मग खाली मान घालून पुन्हा वळायला लागल्या.

५ मे, रविवार

टाकी वर आली.

पहाटे मी गेले तर कड काठाच्या वीतभर वर. मला वाटलं डोळ्यांचा भ्रम. हात लावला, दाबलं तर हलकीच खाली गेली आणि पुन्हा वर. जिला खाली सोडायला गाव लागला, ती माझ्या एका तळहाताखाली डुलत होती. खाली कोणी नाही, कोणी उचलत नाही. फक्त शेण आणि पाणी आणि अंधार. मी तिथंच मातीत बसले. कोणाला हाक मारायचं सुचलं नाही. आश्रमात आम्ही पहाटेची प्रार्थना करायचो, तिच्यात माझं मन कधी आज लागलं तसं लागलं नव्हतं.

मग सगळे जमले. हे टाकीवर चढून बसले, लहान पोरासारखे. यांच्या वजनासकट ती तरंगली. तानबा पाटलांनी टोपी काढून हातात घेतली आणि बराच वेळ डोक्यावर घालायचं विसरले.

जयवंता गोठ्याच्या दारातून पाहत होती. मी म्हटलं, ये, हात लावून बघ. तिनं टाकीवर दोन्ही तळवे ठेवले. "आपल्याच शेणाची ताकद हाय व बाई ही," म्हणाली. तिच्या मनगटावर ओरखडे होते. विचारलं तर म्हणाली, काट्यांचे.

संध्याकाळी शेगडीपाशी काडी नेली तर काडीच विझली. पुन्हा विझली. हे आणि मी अंधारात एकमेकांकडे बघत बसलो.

८ मे, बुधवार

मधुकररावांचं कार्ड आलं. पहिला वायू जळत नाही, तो सोडून द्या, टाकी पुन्हा भरू द्या, असं दोनदा करा. म्हणजे वर आलेली टाकी आपल्याच हातानं खाली बसवायची. आज नळीची चावी उघडली आणि ती फुसफुसत खाली जाताना पाहिली. मिरगाला महिनाच राहिला.

१३ मे, सोमवार

आज बुद्धजयंती. जयवंतानं सुट्टी घेतली. गेल्या दसऱ्याला ती आणि तिचा नवरा चिंधू नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, तेव्हापासूनची ही पहिली. वस्तीत निळ्या-पांढऱ्या पताका लागल्या आहेत. मला बरं वाटलं. गोठा मी स्वतः झाडला, कंबर धरली, आणि रोजचं हे काम ती कुरकुर न करता कशी करते याचं नवल वाटलं.

मात्र अलीकडे ती उशिरा येते. बोलणं तुटक झालं आहे. पूर्वी गिरडच्या जत्रेच्या गोष्टी सांगायची, आता काम करते आणि जाते. दीक्षेनंतर ताठा आला असं हे म्हणतात. मी म्हटलं, आला तर येऊ द्या, थोडा ताठा माणसाला शोभतो. असं बोलून मला माझंच बरं वाटलं.

१९ मे, रविवार

काय लिहू.

दुपारी भर उन्हात हे म्हणाले, पाह्य एकदा. मी चावी फिरवली, काडी नेली, आणि शेगडीच्या भोकाभोकांतून जाळ उठला. निळा. मी चूल पाहिली, भट्टी पाहिली, होळी पाहिली, पण असा जाळ नाही पाहिला. धूर नाही, राख नाही, तडतड नाही. हलका सूं असा आवाज, आणि मधे निळी पाकळी. गोठ्यात जे पायाखाली येतं, जे डोक्यावर वाहताना बाया नाक मुरडतात, त्यात हे एवढं निर्मळ काही दडून होतं, आणि ढोरं पाळायला लागल्यापासून माणसाला त्याचा पत्ता नव्हता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. धुरानं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते.

सासूबाई शेगडीजवळ बसल्या. त्यांनी आधी फुंकणी उचलली, मग ठेवून दिली. पहिला चहा त्यांना दिला. त्या म्हणाल्या, "भिंत काळी हाय किती, आज दिसली." सैपाकघराची भिंत आयुष्यभर धुरातून पाहिलेली. मग त्या पदरानं भिंत पुसायला लागल्या, ती काही निघत नव्हती, तरी पुसत राहिल्या.

हे उठून ओसरीत गेले. तिथं इंजिनाचं सचित्र पत्रक होतं, त्याची घडी करून खुंटीवरच्या टोपीत ठेवलं. एवढं मला पुरलं.

२८ मे, मंगळवार

शेगडी रोज पेटते. सकाळचा चहा, भाकरी, वरण. चुलीत आता काही जात नाही. गिरडहून, जामहून माणसं बघायला येतात. मी सगळ्यांना नळी दाखवते, टाकी दाखवते, आणि सांगताना मला अजून स्वतःचंच नवल वाटतं. तानबा पाटलांनी आज विचारलं, "वहिनी, माह्या घरी बसन का हे?" मी म्हटलं, बसवू.

एक गोष्ट मात्र खटकते. गोठ्यामागे गेल्या सालच्या गवऱ्यांचा उडवा आहे, सासूबाईंनी थापलेला, अडीअडचणीला ठेवलेला. तो खचतो आहे. एका बाजूनं बरंच कमी झालं आहे. आम्ही तर एकही काढली नाही. यांना सांगितलं तर म्हणाले, "सकाळी सकाळी गोठ्यात कोन येते, तूच पाह्य." मला तसा विचार करायचा नव्हता. पण एकदा मनात आल्यावर तो जात नाही. आज जयवंता गेली तेव्हा मी तिच्या टोपल्यात डोकावले. रिकामं होतं. तिनं मला डोकावताना पाहिलं.

सासूबाईंना म्हटलं, उडव्याला कुलूप तर लावता येत नाही, पण लक्ष ठेवायला हवं. त्या म्हणाल्या, "ठेवते मी लक्ष."

७ जून, शुक्रवार

उद्या मिरग. मी जिंकले, असं लिहायचं मनात होतं. पण आज जयवंता आली नाही. काल रात्री सरी आल्या होत्या, म्हटलं पोरं आजारी असतील. दुपारी थोडा गूळ घेऊन वस्तीत गेले. लग्नानंतरच्या नऊ वर्षांत तिच्या घरी जायची ही दुसरी वेळ.

ती चुलीपुढे होती. चुलीत ओल्या तुराट्या आणि बोरीची काटकं, नुसता धूर. घरात काही दिसत नव्हतं, फक्त खोकला ऐकू येत होता, पोरांचा आणि तिच्या म्हाताऱ्या सासूचा. परातीत ज्वारीचं पीठ मळून ठेवलेलं, तवा थंड. कोपऱ्यात दोन गवऱ्या होत्या. प्रत्येक बाईची गवरी तिच्या पंजाच्या ठशावरून ओळखू येते. या गवऱ्यांवर करंगळी वाकडी होती. सासूबाईंची करंगळी लहानपणी उखळात सापडून मोडली होती.

मी बघते आहे हे जयवंतानं पाहिलं.

"मोठ्या मायनं देल्या," ती म्हणाली. "मी नोत्या मागितल्या. पहाटे गोठ्यात उभ्या राहून माह्या पदरात टाकतेत. काल म्हनलं, आता नोको, उडवा सरून राह्यला, तुमची सून पाह्यते."

"अगं, पण तुझ्याकडे जळणाचं..." एवढं बोलून मी थांबले. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते टोपलं आलं. रोजचं, गोठा झाडून झाल्यावर ती डोक्यावर नेत असे ते. माझ्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं. सालाची ज्वारी चिंधूच्या नांगर-वखराच्या कामाची, आणि गोठ्याची मजुरी म्हणजे ते टोपलं. तिची चूल त्याच्यावर पेटायची. ते मी रोज पाहिलं होतं, आणि ते काय आहे हे मला कधी कळलं नव्हतं.

"तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू? हक्काचं होतं तवा बोलाव लागत नोतं. बोलली असती तं मांगनं झालं असतं." तिनं फुंकर घातली, धुरात तोंड वळवलं. "आमी आता मांगत नाई, बाई."

गूळ मी तसाच परत आणला. तिच्या पोरांच्या हातावर ठेवायची हिंमत झाली नाही.

८ जून, शनिवार

रात्रभर विचार केला. टोपलं परत दिलं तर खड्डा उपाशी, शेगडी बंद. नाही दिलं तर तिची चूल बंद. हे म्हणाले, नळी लांबवून गोठ्यात एक शेगडी देऊ, तिथं शिजवून नेईल. मला ते फार छान वाटलं. धावत वस्तीत जाऊन सांगितलं.

जयवंता म्हणाली, "ढोरात बसून शिजवू? तुमची शेगडी तं सैपाकघरात हाय ना."

आश्रमात आम्ही सगळ्या एका पंगतीत जेवलो, हातानं संडास साफ केले, आणि ते मी लोकांना अभिमानानं सांगते. पण या घरात जयवंता गोठ्याच्या दारापलीकडे कधी आली नाही आणि मी तिला कधी ये म्हटलं नाही. सासूबाईंना चालणार नाही असं मी धरून चालले होते. ते मला किती सोयीचं होतं ते आज कळलं.

मी म्हटलं, "ये मग. सैपाकघरात ये."

तिनं पदरानं हात पुसले. मग म्हणाली, "येईन. पन गोठ्याच्या दारानं नाई."

११ जून, मंगळवार

दोन दिवस गेले. हे म्हणाले, "तुह्या मनात असन तं येऊ दे, मी ओसरीवर बसतो, कोणी काही म्हनलं तं मी पाह्यतो." सासूबाईंना मी सांगितलं तेव्हा त्या जपमाळ ओढत होत्या. माळ थांबली नाही. ना हो, ना नाही.

आज संध्याकाळी जयवंता आली. रस्त्यानं, पुढच्या दारानं. कमरेवर गंज, त्यात धुतलेले तांदूळ, वर झाकण. नवं पांढरं लुगडं नेसली होती. तानबा पाटील कुंपणावर होते, ते घरात निघून गेले. हे ओसरीवर उठून उभे राहिले, का ते यांनाही ठाऊक नसावं.

सासूबाई सैपाकघराच्या उंबऱ्यात पाय पसरून बसल्या होत्या. जयवंता थांबली. मी आत शेगडीपाशी, मला ना पुढे जाता येईना ना मागे. सासूबाईंनी पाय आखडून घेतले. शिवू नये म्हणून की वाट द्यायला, ते मला कळलं नाही, आणि विचारायची माझी छाती नाही.

ती आत आली. चावी मी उघडणार होते, तिनंच उघडली. काडी तिनं ओढली. जाळ उठला, तोच, निळा, आणि तिच्या गंजाच्या बुडाला जाऊन चिकटला. मी इतक्या दिवसांत तो शंभरदा पाहिला असेन, आज पुन्हा अंगावर काटा आला. भात होईपर्यंत आम्ही तिघी त्या जाळाकडे बघत बसलो. तिची पोरं मागोमाग आत येऊन बसली, कोणी हाकललं नाही. सूं आवाज येत होता आणि घरात दुसरा आवाज नव्हता.

भात झाला. जयवंतानं चावी बंद केली, गंज पदरानं धरला आणि उठली. दारात वळून माझ्याकडे नाही, सासूबाईंकडे पाहून म्हणाली, "उद्या तुरीची डाळ हाय. तिले येळ लागते."

सासूबाईंची माळ चालूच होती.

"मंग लवकर येजो," त्या म्हणाल्या.